येझदीचे शॉक आणि गुरुवारचे बोंबील

मामाकडं एक येझदी मोटरसायकल होती. आता ती माझ्याकडं आहे, आणि ह्या एका वाक्यात माझे गेले चार महिने आले. मामानं ती ऐंशीच्या दशकात कच्च्या ट्रॅकवर पळवायची म्हणून पार सोलून काढलेली, मडगार्ड वर उचललेलं, बटन टायर, हेडलाईट गायब, आणि मागं कुणाकडनं तरी पैदा केलेले परदेशी गाडीचे उंच शॉक, म्हणजे खड्ड्याचे धक्के झेलणारे शॉक अब्सॉर्बर, कुठल्या गाडीचे ते मामालाही सांगता येत नाही. शर्यती बंद झाल्यावर तिला एकच काम उरलं, दिवाळी पाडव्याला सायलेन्सरची पुंगळी काढून म्हशीच्या पुढं पळायचं. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी नटवतात, शिंगं रंगवतात आणि फाटक्या आवाजाच्या गाडीमागं पळवतात.

ह्या पाडव्याला गाडी मी चालवली. म्हैस एकदम झकास पळाली, घोळ गाडीनं केला. एक खड्डा, उड्या सात. मी शिटावरनं वर जातोय, गाडी खाली जातेय, आम्ही दोघं अधनंमधनं भेटतोय. शेवटी म्हैसच थांबली आणि बघत उभी राहिली.

"शॉक गेलेत," मामा म्हणाला. "खोल."

"नवीनच टाकूया की मामा."

"येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडलाय, आणि हे शॉक तर त्या कारखान्याचे पण न्हाईत. खोल म्हंतोय न्हवं?"

इथं थोडं समजून घ्यायला पाहिजे, मला पण तेव्हाच समजलं. मी आजवर स्प्रिंगलाच शॉक समजत होतो. तर स्प्रिंग म्हणजे तालमीतला नुसता तरणा पैलवान, अंगात रग, दाबला की उसळणार आणि थांब म्हटलं तरी थांबणार नाही. त्याला आवरणारा वस्ताद आतल्या नळीत बसलेला असतो. नळीत ऑइल, ऑइलात एक पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. दांडा हलला की ऑइलला त्या भोकांतनं मुंगीच्या पावलानं जावं लागतं आणि उसळीचा सगळा माज उष्णता होऊन नळीबाहेर जातो, म्हणून तर दणकून पळवल्यावर शॉकला हात लावला तर चटका बसतो. आमच्या गाडीत पैलवान शाबूत होता, वस्ताद गळून गेलेला.

पहिली लढाई स्प्रिंगशी. वरच्या टोकाला दोन अर्ध्या चकत्या असतात, स्प्रिंग दाबून धरायची आणि त्या काढायच्या. वाचायला एक ओळ आहे. दोन आटे पाडलेले रॉड आणि दोन पट्ट्या घेऊन नट आवळत स्प्रिंग दाबायची, ही शहाण्याची पद्धत. मी शेजारच्या पिंट्याला बोलावलं, कारण तो ब्याण्णव किलोचा आहे आणि सकाळी मोकळा असतो. त्यानं दाबलं, मी चकती काढली, दुसरी काढताना पिंट्याचा फोन वाजला. स्प्रिंग माझ्या कानाजवळनं गेली ती थेट तुळशीच्या कट्ट्यावर, कुंडीचा कोपरा उडाला. पिंट्या म्हणाला, "भावा, विषय हार्ड झाला," आणि फोन घ्यायला बाहेर गेला तो त्या दिवशी परत आला नाही. दुसऱ्या शॉकला मी गुपचूप आट्याचे रॉड करून आणले.

मग नळीचं टोपण उघडलं, आणि आतनं जे आलं त्याला ऑइल म्हणायचं तर राखाडी, पाण्यासारखं पातळ, आणि वास! जुन्या शॉकच्या ऑइलला सडक्या माशाचा वास येतो हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. दिवस गुरुवार. आई देवघरातनं ओरडली, "कोण बोंबील भाजालंय रं गुरुवारचं?" मी शॉक दाखवला. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि पोरगा शॉकच्या आडनं मासे खातोय हे मत तिनं अजून बदललेलं नाही.

दांडा पुसून त्यावरनं नख फिरवायचं असतं, नख कुठं अडकलं नाही तर ठीक, अडकलं तर तिथं गंजाचा खड्डा आहे आणि तो नवं सील, म्हणजे ऑइल आत अडवणारी रबरी कडी, आठवड्यात खाणार. माझं नख एका दांड्यावर चार ठिकाणी अडकलं. मग हार्ड क्रोम, म्हणजे दांडा टाकीत बुडवून त्यावर क्रोमचा कडक थर चढवायचा. एके ठिकाणी गेलो तर तिथं जेसीबीच्या सिलेंडरचे मांडीएवढे दांडे लटकलेले, मी खिशातनं करंगळीएवढा काढला, तो माणूस आधी दांड्याकडं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्याला टाकी चालू करू?" शेवटी मोठ्या दांड्यांच्या जोडीला लटकवला. सील आणायला गेलो तर दुकानदार म्हणतो आतलं माप, बाहेरचं माप, जाडी सांगा, मी म्हटलं काळ्या रंगाचं आहे.

ह्या काळात रात्री जागून वाचत बसायचो. १९७३ साली हाकन अँडरसन नावाच्या स्वीडिश गड्यानं मागं एकच शॉक असलेल्या यामाहावर २५० सीसीचं मोटोक्रॉस, म्हणजे कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीचं, विश्वविजेतेपद मारलं, त्या शॉकची कल्पना बेल्जियमच्या लुसियाँ टिलकेन्स ह्या इंजिनिअरची. लोक म्हणतात त्यानं चाकाला जास्त चाल मिळाली, पकड वाढली वगैरे. असेल. पण एकच शॉक म्हणजे हे सगळं एकदाच करायचं, ह्या मोठेपणाबद्दल कुणीच काही बोलत नाही.

असो. सील बसवली, नवं ऑइल भरलं. आपल्या घरात पाव्हण्याला चहा अर्धा कप द्यायची पद्धत नाही, तेव्हा नळी काठोकाठ भरली, टोपण आवळलं, दांडा दाबला. जाईना. अर्ध्यात जाऊन दगड. अंगाचा भार टाकला, ढिम्म. मला आधी अभिमानच वाटला, काय कडक शॉक केलाय. गाडीला लावून गल्लीत एक फेरी मारली आणि कणा मानेतनं बाहेर येतोय की काय वाटलं.

उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री आहेत, आयुष्य ऑइल इंजिनं आणि लेथवर गेलेलं. त्यांनी शॉक हातात घेतला, एकदा दाबला.

"काठोकाठ भरलंय व्हय?"

"मग? कमी पडाय नको म्हटलं."

"पावणं, भरल्या हंड्यात हात घातला तर काय हुतंय?"

"पाणी सांडतंय."

"मग दांडा आत शिरल्यावर हितनं ऑइल कुठं सांडायचं? सीलं तर झकास बसवलाय."

मग खडूनं फरशीवर हिशोब मांडला. दांडा १० मिलिमीटर जाडीचा, आत जातो ८० मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वासहा सीसी लोखंड आत घुसणार. तेवढी जागा तर पाहिजेच, वर हवा दाबायला अजून तेवढीच. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस, खडूकडं बघत उभा. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, ते घेतले असते तर बरं वाटलं असतं.

मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणली. (पोराला काय झालंय विचारलं, म्हटलं शॉक लागलाय, तर ती बाई घाबरली.) ऑइल मोजून भरलं, नळी उभी धरून दांडा सावकाश वर-खाली, वर-खाली, आतली अडकलेली हवा गुळगुळ करत वर येईपर्यंत, नाहीतर ऑइलाचा फेस होतो आणि फेसाला काय कुणी घाबरत नाही. टोपण आवळलं. दांडा दाबला तर असा गेला, लोण्यातनं सुरी. आणि सोडल्यावर वर आला तोही घाई न करता. मी रात्री साडेबाराला एकटाच ते पंधरावीस वेळा करत बसलो होतो, बायकोनं दार उघडून बघितलं आणि काही न बोलता परत लावून घेतलं.

रविवारी मामा आला. गाडीभोवती एक चक्कर, मग शिटावर दोन्ही हात टेकून जोरात दाबून सोडलं. शीट एकदाच वर आलं आणि थांबलं. मामानं मान हलवली. एवढ्यावर मी खूश होतो. पण तो तसाच पुढं गेला, वाकला, पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकच्या, नळीवरनं बोट फिरवलं आणि मला दाखवलं. काळं, चकचकीत.

"हे कधी खोलतोस?"

आतनं आईचा आवाज आला, "गुरुवार सोडून खोल रं बाबा."