२५२० या संख्येचा शोध रामानुजन यांनी लावलेला नाही

२५२० या संख्येविषयीचा एक संदेश वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. एक ते दहा या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी संख्या अस्तित्वातच नाही असे गणितज्ञ मानत होते, श्रीनिवास रामानुजन यांनी ती शोधून जगाला थक्क केले आणि तिचे रहस्य आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात दडले आहे, असे त्यात म्हटलेले असते. यातला गुणाकार बरोबर आहे. बाकीची विधाने टिकत नाहीत.

अशी संख्या नाही असे कोणी गणितज्ञ मानणे शक्यच नव्हते, कारण १ पासून १० पर्यंतच्या संख्यांचा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० ही तशी संख्या हाती येते. प्रश्न उरतो तो त्यांतल्या सर्वांत लहान संख्येचा, म्हणजे लसाविचा, आणि तो शाळेतला आहे. ८ घेतले की २ आणि ४ यांची सोय होते, ९ घेतले की ३ ची; त्यांना ५ आणि ७ ची जोड दिली की ६ आणि १० वेगळे घ्यावे लागत नाहीत, आणि ८ × ९ × ५ × ७ म्हणजेच २५२०. हीच रीत पुढे नेता येते. ११ ने गुणल्यावर २७,७२० मिळतात आणि त्यांना १२ नेही भाग जातो. १३ मुळे ३,६०,३६० होतात, ज्यांत १४ आणि १५ आधीच सामावलेले असतात. १६ साठी आणखी एका २ ची गरज पडते. शेवटी १७ आणि १९ ने गुणले की २३,२७,९२,५६० ही १ ते २० या सर्वांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या तयार होते.

शोधाच्या श्रेयाचा दावा तर इतिहासाला सरळ सोडून आहे. प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या भागात लसावि काढण्याची रीत सिद्धतेसह दिलेली आहे आणि राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील गणितज्ञ महावीराचार्यांनाही लसावि ठाऊक होता. त्याहून बोलका पुरावा प्लेटोचा आहे. आदर्श नगरातील कुटुंबांची संख्या ५०४० असावी असे सुचवताना तिला एक ते दहा या सर्व संख्यांनी ओळीने भाग जातो, असे कारण त्याने सुमारे २,३५० वर्षांपूर्वी दिले होते. आणि ५०४० ही २५२० ची दुप्पट आहे.

७ × ३० × १२ मध्ये रहस्य नाही, कारण आहे. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही, त्यामुळे ७ ने गुणताच ती उणीव भरून निघते. कालगणनेशी याचा संबंध जोडायचा, तर सगळे महिने ३० दिवसांचे असावे लागतील.

रामानुजन यांचे खरे काम यापेक्षा कितीतरी खोल आहे आणि या संदेशामुळे तेच झाकले जाते, याचे मला वाईट वाटते. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ शोधनिबंध लिहिला. २५२० ही त्यांपैकी एक. तिला ४८ विभाजक आहेत. अशा संख्यांचे मूळ अवयव पाडले तर मूळ संख्या वाढत जाताना घातांक कधीच वाढत नाही, आणि सर्वांत मोठ्या मूळ अवयवाचा घातांक ४ व ३६ हे अपवाद वगळता नेहमी १ असतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या तक्त्यात अशा १०२ संख्या आहेत. शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८०० असून तिला १०,०८० विभाजक आहेत.