नवतप्यातलं कॅरॅमल

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की नागपूरचा शहाणा माणूस अकराच्या आत घरात येतो, कूलरमध्ये पाणी भरतो आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही. ओव्हन-बिव्हन लावायचे दिवस नाहीत हे. पण आमच्या भाचीनं जन्मच नवतप्यात घेतला, त्याला कोण काय करणार, आणि यावर्षी तिला केक नको होता, सॉल्टेड कॅरॅमल कपकेक पाहिजे होते, तेही म्हणे मामाच्या हातचे. मामाच्या हातचं तिनं आजवर फक्त मॅगी खाल्लंय. पण पोरगी लाडात येऊन बोलली, मी हो म्हटलं, संपला विषय.

रेसिपी इंटरनेटवरची, कुठल्यातरी थंड देशातल्या बाईची. पहिलीच ओळ, बटर रूम टेम्परेचरला येऊ द्या. त्या बाईच्या घरात असेल वीस-एकवीस डिग्री. आमच्या गावानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पाहिलंय बावा, आणि बटर ३२-३५ च्या आसपासच पातळ होतं, म्हणजे आमच्याकडे त्याला रूममध्ये आणायची वेळच येत नाही. माझं तर रूमपर्यंत पोचलंही नाही. इतवारीतून घेतलं, गाडीच्या डिक्कीत ठेवलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालो, व्हेरायटी चौकात सगळ्यांसारखा सिग्नलच्या पार मागे झाडाच्या सावलीत थांबलो, आणि घरी येऊन डिक्की उघडली तर बटर पाकिटातून निघून गाडीच्या आरसी बुकात शिरलेलं. इन्शुरन्सचा कागद अजून पारदर्शक आहे. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून दुसरं आणलं. त्याच्याकडे बिनमिठाचं नव्हतं, नेहमीचं पिवळंच मिळालं.

आता कॅरॅमल. साखर नुसती पातेल्यात टाकून मंद गॅसवर वितळवायची, ती १६०-१७० डिग्रीला गेली की रंग धरते, आणि तोवर तिला चमच्यानं ढवळायचं नाही, फार तर पातेलं हलवायचं. पातेलंही स्टीलचंच पाहिजे, कारण काळ्या नॉनस्टिकमध्ये साखर लाल झाली की जळली हेच दिसत नाही. एवढं सगळं मी वाचून ठेवलं होतं. वाचलेलं नव्हतं ते एवढंच की गॅसची आच मंद ठेवायची तर पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, नागपुरात, पंखा बंद. पाचव्या मिनिटाला घाम नाकाच्या शेंड्यावरून पातेल्यात पडायच्या बेतात आला, म्हणून मी मान वाकडी करून उभा राहिलो, आणि आई आली.

"काऊन रे, पंखा काऊन बंद केला? काय करून राहिला तू?"

"कॅरॅमल."

"म्हणजे पाक." आई पातेल्यात डोकावली. "अन् ढवळत काऊन नाही? खाली लागून राहिला ना तो." असं म्हणून तिनं चमचा घातलाच. वितळलेल्या साखरेत न वितळलेली साखर गेली, गोळे झाले, गोळ्यांवर अजून साखर चिकटली आणि दोन मिनिटांत पातेल्यात गिट्टी तयार. आईला सॉरी वगैरे वाटलं नाही. "एकतारी करायचा होता तर पाणी टाकायचं ना आधी," म्हणाली आणि मोढा ओढून बसली. पुढचा सगळा कार्यक्रम तिच्या अध्यक्षतेखाली.

आई शाळेत इतिहास शिकवायची, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण तास संपलेला नाही. गोडात मीठ हा काय प्रकार आहे असं तिनं विचारलं. मी पण तयारीनं आलो होतो. सांगितलं की फ्रान्समध्ये ब्रिटनी म्हणून समुद्रकाठचा भाग आहे, राजाच्या काळात फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता पण ह्या ब्रिटनीला त्यात सूट होती, म्हणून तिथले लोक लोण्यात बिनधास्त मीठ घालायचे, आणि १९७७ साली तिथल्याच आँरी ल रू नावाच्या मिठाईवाल्यानं त्या खारट लोण्याचं कॅरॅमल काढलं, ते जगभर गेलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिठावर कर आपल्याकडेही होता. १९३० मध्ये सगळे मीठ उचलायला निघाले, पण विदर्भात समुद्र कुठला, म्हणून आपल्या लोकांनी जंगलात जाऊन कायदा मोडून गवत कापलं. कपकेक नाही केले." शिवाय पुरणपोळीच्या कणकेत चिमूटभर मीठ ती पन्नास वर्षांपासून घालून राहिली आहे, त्याची कोणी बातमी नाही केली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या घाण्याला आईच्या हातात लिंबं दिली, पन्हं नको, सरबत कर म्हटलं, म्हणजे तिचे हात गुंतले. यावेळी साखर कडेनं विरघळत गेली, आधी पिवळी, मग मधासारखी, आणि मग एकदम घाई करायला लागली, कारण मध ते कोळसा हा प्रवास काही सेकंदांचाच असतो आणि गॅस बंद केला तरी पातेल्याची धग काम करतच राहते. बटर टाकलं, फेस. मग क्रीम. रेसिपीत लिहिलं होतं की क्रीम कोमट करून घाला, थंड घातलं तर साखर कडक होऊन बसेल. अख्ख्या रेसिपीत नागपूरच्या बाजूनं असलेली ही एकच ओळ, आमचं क्रीम ओट्यावर बसल्याबसल्या कोमट झालं होतं. तरीही ते आत पडल्याबरोबर त्यातल्या पाण्याची वाफ होऊन सगळं असं भसकन वर आलं की आई मोढ्यासकट मागे सरकली. नंतर चाटून पाहिलं तर मीठ बटरमध्येच होतं, बरोब्बर लागलं होतं, वेगळं घालायची गरजच नाही पडली.

कपकेक त्यामानानं सोपे. मैदा, अंडी, साखर, कागदी वाट्या, ओटीजी १८० वर. दहा मिनिटं झाली, मस्त फुगले, काचेतून आई पण बघत होती, आणि लाइन गेली. वीस मिनिटांनी आली. तोवर सगळ्या कपकेकच्या मधोमध खड्डे. मी खचलो नाही, कारण रेसिपीत पुढची स्टेप होती, मधला भाग कोरून कॅरॅमल भरायला खड्डा करा. ते काम परस्पर झालं होतं.

राहिलं फ्रॉस्टिंग. बटर आणि पिठीसाखर फेटायची, पण बटर घट्ट राहायला एसी पाहिजे, आणि आमच्याकडे एसी एकाच खोलीत आणि त्या खोलीत बायकोचा ऑफिसचा कॉल चालू. मी पेपर अंथरून पलंगावर भांडं मांडलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी हातानं विनवणी केली, ती म्युट झाली की मी ब्लेंडर लावायचो, ती बोलायला लागली की बंद. कॉलवर पुण्याचे लोक होते. कोणीतरी विचारलं की तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का, तर ही शांतपणे म्हणाली, हो, रिनोव्हेशन आहे. पलंगावरच पायपिंग केलं, एकेक कपकेकवर छान टोपी चढली, वरून कॅरॅमलची धार, फोटो काढले. फोटो बघितले तर कोणालाही वाटेल की हा माणूस दुकान टाकू शकतो.

मग मी ट्रे उचलून हॉलमध्ये आणला. हॉलमध्ये कूलर आहे. कूलरनं हवा गार वाटते, बटरला मात्र तसं काही वाटत नाही. भाची, ताई आणि भाऊजी बूट काढून आत येईपर्यंत टोप्या एका बाजूला कलल्या, कॅरॅमल खाली ट्रेमध्ये जमा झालं आणि पोरांनी त्यात बोटं बुडवून खायला सुरुवातही केली. भाची म्हणाली, "मामा, हे डिप आहे ना?" हो म्हटलं, डिपच आहे.

स्वयंपाकघरात पातेल्याच्या तळाला कॅरॅमल दगडासारखं घट्ट धरून बसलं होतं. मी ते मोरीत ठेवायला गेलो तर आईनं हातातून घेतलं, त्यातच पाणी ओतलं, चहापत्ती टाकली, आलं ठेचलं, वरून दूध, आणि गॅसवर चढवलं. सगळं खरवडून निघालं, पातेलंही चकाचक. बाहेर भाऊजींनी कपकेककडे एकदा बघितलं, चहाचा घोट घेतला, परत घेतला आणि म्हणाले, "आई, चहात काय टाकलं तुम्ही? रेसिपी द्या ना हिला."

"काही नाही," आई म्हणाली. "चिमूटभर मीठ."