स्टोकसे: सीमेवरचा किल्ला की लोकरवाल्याचा वाडा?

इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या स्टोकसेच्या फोटोखाली असा मजकूर हमखास असतो: ‘वेल्श हल्ले रोखायला राजाच्या हुकमावरून जुन्या सरदार घराण्यानं उभारलेला, वेढे झेललेला किल्ला.’ वेल्सची सीमा जवळ आहे, इतपत ठीक.

सरदार कसले? बांधणारा लॉरेन्स ऑफ लडलो हा लोकरीचा बडा व्यापारी. बाप निकोलसचाही तोच धंदा. १२८१ च्या सुमारास लॉरेन्सनं ही जागीर मिळवली ती पैशाच्या जोरावर. वंशज पुढे दोनशे वर्षं जमीनदार म्हणून मिरवले, मग लग्नसंबंधातून वास्तू व्हर्नन घराण्याकडे गेली. वंशावळ उलटी चाळत गेलात तर सरदारकी लोकरीच्या पोत्यांपाशी संपते.

राजाचा हुकूमही नव्हे. पहिल्या एडवर्डनं १२९१ मध्ये दिला तो तटबंदीचा परवाना. असा परवाना मागून घ्यायचा असे, आणि तो मिळणं ही प्रतिष्ठेची बाब होती.

आता वेल्श हल्ले. एडवर्डनं वेल्स १२८२-८३ मध्येच जिंकलं होतं. शिवाय मोठा दिवाणखाना पाहा. खंदकाकडच्या, म्हणजे शत्रूला सामोऱ्या भिंतीत उंच, कमानदार, ऐसपैस खिडक्या! लढाईची धास्ती असलेला माणूस तिथे बाण सोडण्यापुरती फट ठेवेल. दक्षिणेचा बुरूज मात्र खरंच भक्कम आहे, हे मान्य. घरात रोकड असली की दरोडेखोरांची भीती आलीच.

लॉरेन्सचा शेवटही रणांगणावर झाला नाही. १२९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि राजाला पैसा हवा होता. लोकरीच्या पोत्यामागची ६ शिलिंग ८ पेन्सची निर्यात जकात ४० शिलिंगांवर गेली. राजाशी झालेल्या या सौद्यात व्यापाऱ्यांच्या बाजूनं लॉरेन्स पुढे होता. व्यापाऱ्यांनी भाव पाडून तो बोजा लोकर पिकवणाऱ्यांच्या गळ्यात मारला. त्याच नोव्हेंबरात सफकच्या किनाऱ्याजवळ लोकरीनं भरलेलं जहाज बुडालं, त्यात लॉरेन्सही गेला. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकारानं हे त्याच्या पापाचं फळ ठरवलं. मठांचीही लोकर बाजारात जायची, तेव्हा हा राग समजण्यासारखा आहे.

राहिले वेढे. यादवी युद्धात, १६४५ मध्ये, संसदेचं सैन्य दारात आलं तेव्हा आतल्या राजपक्षीय शिबंदीनं न लढताच वाडा ताब्यात दिला. दरवाजाची देवडी तर त्याआधी काही वर्षांपूर्वीच नव्यानं बांधलेली, आणि तीही नक्षीदार लाकडाची.