मिसळीसाठी जन्मतारीख

मिसळ मागवायला जन्मतारीख लागते, हे मला परवा कळलं.

टेबलावर मेनूकार्ड नव्हतं. कोपऱ्यात चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर होता, त्यावर कुणाच्या तरी तर्रीचा जुना डाग. पोऱ्याला म्हटलं, "एक मिसळ, तर्री जास्त." तो म्हणाला, "मॅडम, ॲपवरून टाका. तोंडी घेत नाही आम्ही." आणि हात मागे बांधून तिथेच उभा राहिला. स्कॅन केलं तर ॲप उतरवा म्हणे. उतरवलं. त्यानं आधी लोकेशन मागितलं, मी त्याच्याच टेबलाशी बसलेली असताना. मग कॉन्टॅक्ट्स. मग नाव, मोबाइल, ओटीपी, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. कॉन्टॅक्ट्सना नकार दिला की ॲप पुन्हा पहिल्या पानावर. मिसळ खाताना माझ्या फोनमधल्या गॅसवाल्याचा नंबर यांना कशाला हवा, हे विचारायचं कोणाला? पोऱ्या तर हात मागे बांधून उभा.

"जमत नाहीये का मॅडम?"

प्रश्न टेबल नंबर चारवरून आला. साठीचे गृहस्थ, खिशाला पेन, गळ्यात दोरीला लटकवलेला फोन. मी ॲप्सबद्दल लिहूनच पोट भरते, हे सांगायची संधी त्यांनी मला शेवटपर्यंत दिली नाही. खुर्ची ओढून ते माझ्याच टेबलाशी येऊन बसले.

"फोन स्लो असणार तुमचा. सकाळी रॅम क्लीन केली होती?"

सूर असा, की दात घासले होते का?

त्यांनी आपला फोन समोर धरला. पडद्यावर रॉकेट. रॉकेटवर बोट ठेवलं की ते भुर्रकन उडतं, धूर निघतो आणि अमुक इतकी रॅम मोकळी झाली अशी पाटी येते. पाटीनंतर जाहिरात. "दिवसातून चार वेळा," ते म्हणाले, "जेवणाआधी आणि नंतर."

अँड्रॉइड नुकतीच वापरलेली ॲप्स मुद्दाम रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, धरून ठेवतो, कारण तिथून ती चटकन उघडतात. जागा कमी पडली की जुनी स्वतःच काढून टाकतो. रॉकेटनं हाकललेल्या ॲप्सपैकी बरीच थोड्याच वेळात परत येऊन बसतात, आणि ती नव्यानं सुरू होताना बॅटरी जास्तच खातात. फोन खरोखर रखडत असेल तर आधी स्टोरेज बघावं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात स्टोरेज व्यवस्थापन. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. सुप्रभातचे व्हिडिओ तिथेच सापडतात.

यातलं पहिलं वाक्य मी बोलू शकले.

"तसं नसतं मॅडम," टेबल चार म्हणाले आणि पुढचं ॲप उघडलं.

हे गार करणारं होतं. फोन तापला की निळं बटण दाबायचं, पडद्यावर बर्फ पडतो. नुसता पडत नाही, खाली साचतो. "हात लावून बघा." मी लावला, चांगलाच गरम होता. "आत्ता होईल गार." बर्फ साचत राहिला, पडद्याचा उजेड पूर्ण वाढला, मग एका गेमचा व्हिडिओ सुरू झाला. मी पुन्हा हात लावला, आता चटका बसला. फोन थंड करायचे मार्ग अगदी अरसिक आहेत: कव्हर काढा, चार्जरवरून उतरवा, उन्हातून उचला, हॉटस्पॉट बंद करा. त्यात बर्फ नाही, म्हणून कोणी करत नाही.

तिसरं ॲप बीपीचं. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, फ्लॅश लागतो, तीस आकडे मोजायचे. त्यांनी पोऱ्याचं बोट ठेवलं. ११९/७८. गल्ल्यावरच्या मालकाचं ठेवलं. १२१/७९. मालक ओझं उतरल्यासारखे हसले, ही गोष्ट मला अजून टोचते आहे. मग स्वतःचं ठेवलं. ११८/७८. "गोळ्या बंद करीन म्हणतोय," ते म्हणाले.

मी घाईघाईनं सांगायला गेले, की फ्लॅशच्या उजेडात बोटातलं रक्त कमीजास्त होतं तसा उजेड बदलतो, त्यावरून कॅमेरा नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजू शकतो. दाब भरवशानं मोजायला दंडाला पट्टा लागतो. गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय... "तसं नसतं मॅडम." आणि हे सांगण्याच्या भरात त्यांनी फोन टेबलावर ठेवला, कॅमेरा खाली. खाली तर्री सांडलेली होती. तीस आकडे झाले. पडद्यावर आलं: १२०/७८, नाडी ७२, प्रकृती उत्तम.

तर्रीची प्रकृती उत्तम आहे याबद्दल दुमत नव्हतं. पण टेबल चारांनी फोन उचलला, कॅमेरा रुमालाला पुसला आणि म्हणाले, "बघा, डाग असूनही चालतं."

एव्हाना माझी मिसळ आली होती. पोऱ्यानं शेवटी स्वतःच्या फोनवरून मागवली. म्हणजे तोंडी घेता येत होती.

बिलाच्या वेळी टेबल चारांचा पेमेंट अडकला. बँकेचा सर्व्हर प्रतिसाद देत नव्हता. त्यांनी रॉकेट उडवलं. पुन्हा पिन टाकला, पुन्हा अडकला. पुन्हा रॉकेट. मागे रांग. मी पैसे दिले ते पिन न टाकता, एका क्षणात, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी न देताच निघाले आहे.

त्यांनी बोलू दिलं असतं तर मी त्यांच्या फोनातून काय काढलं असतं आणि काय भरलं असतं, ते आता इथे लिहिते. कुठेतरी लिहायलाच हवं.

आधी यूपीआय लाइट. हे वेगळं ॲपही नाही. भीम किंवा जे पेमेंटचं ॲप तुम्ही वापरता, त्यातच ते असतं. खात्यातून काही रक्कम लाइटमध्ये भरायची (भरताना पिन लागतो), मग एका वेळी १,००० रुपयांपर्यंत बिनपिनचं देता येतं. लाइटमध्ये एकूण ५,००० रुपये राहू शकतात. पैसे देताना दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेला हात लावावा लागत नाही, म्हणून बँक झोपलेली असतानाही बहुतेक वेळा चालतं, आणि पासबुकात चहाच्या दहा-दहा रुपयांची रांग लागत नाही. दोन गोष्टी मात्र बिघडतात. या रकमेवर व्याज नाही आणि ती पिनशिवाय जाते, म्हणून पूर्ण पाच हजार कोंबून ठेवू नयेत, पाचशे-हजार पुरे. आणि ही रक्कम त्या हँडसेटला बांधलेली असते. फोन बदलण्याआधी किंवा ॲप काढण्याआधी लाइट बंद करायचं, म्हणजे उरलेले पैसे खात्यात परत जातात. हे न करता फोन रिसेट करणारे नंतर कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसतात.

दुसरं डिजिलॉकर, कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप. हे नवं नाही, २०१५ पासून आहे, पण टेबल चारांसारखे लोक ते चुकीचं वापरतात. "सगळी कागदपत्रं फोनमध्ये आहेत माझ्या," असं ते मालकांना सांगत होते. होती, गॅलरीत. लायसनचा फोटो, तोही अंगठ्यासकट. मोटार वाहन नियमांत २०१८ साली बदल होऊन डिजिलॉकर किंवा परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपमधलं लायसन आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य झालं. गॅलरीतल्या फोटोला तो मान नाही. डिजिलॉकरमध्येही दोन कप्पे आहेत: 'इश्यूड' आणि 'अपलोडेड'. परिवहन खात्याकडून थेट येतं ते इश्यूड, ते चालतं. आपण स्कॅन करून टाकलेलं अपलोडेडमध्ये पडतं आणि फोटोच राहतं. लायसन मागवताना ते येत नसेल तर बहुधा नाव अडलेलं असतं: आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि लायसनवर आडनाव आधी. तेवढ्यावरून यंत्र तुम्हाला ओळखत नाही. हे जुळवण्याचं काम चौकात हवालदारासमोर करू नये, घरी करावं. सहा आकडी पिनही घरीच आठवून ठेवावा.

आधारचं नवं ॲप नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं, ते जुन्या एम-आधारहून वेगळं आहे. लॉजच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स देण्याची जी आपली सवय आहे, तिच्यावर हा उतारा. पत्ता, जन्मतारीख झाकून फक्त हवी तेवढी माहिती दाखवता येते, बोटांचे ठसेही लॉक करून ठेवता येतात. आधारला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं आणि चेहरा दाखवावा लागतो. आधारचा नंबर मुलाच्या फोनात आणि मुलगा पुण्याला, अशी तऱ्हा असेल तर दिवाळीत जमवा. लॉजवाला मात्र ते बघून म्हणणार, "झेरॉक्स नाही का?"

दूरसंचार खात्याचं संचार साथी ॲप जानेवारी २०२५ चं. सरकारनं २०२५ च्या अखेरीस ते प्रत्येक नव्या फोनात आधीच भरून देण्याचा आदेश काढला, ओरड झाली, आदेश काही दिवसांत मागे. सक्ती केली की चांगल्या वस्तूचाही संशय येतो. तरी एका कामासाठी हे उघडाच: तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. एका नावावर नऊपर्यंत चालतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवता येतं. फोन हरवल्यास ब्लॉकही इथूनच, पण त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लागतो. तो *#०६# दाबून आजच कागदावर लिहून ठेवा. हरवलेल्या फोनवर तो बघता येत नाही, हे लोकांना फोन हरवल्यावर सुचतं.

मुंबईकरांसाठी दोन. १ जुलै २०२५ ला आलेलं रेल्वेचं रेलवन: लोकलचं तिकीट, आरक्षण, पीएनआर एकाच ठिकाणी, आर-वॉलेटमधून (रेल्वेच्या ॲपमधलं पैशाचं पाकीट) काढलं तर जनरल तिकिटावर ३ टक्के सूट. पेपरलेस तिकीट रुळांजवळ उभं राहून निघत नाही, तेव्हा जिना चढण्याआधीच काढा. स्क्रीनशॉटला तिकीट म्हणत नाहीत. आणि ऑक्टोबर २०२५ चं मुंबई वन, ज्यात मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे-नवी मुंबईच्या बसगाड्या धरून ११ सेवा आहेत. बदलीच्या प्रवासाला बरं.

आता माझं लाडकं: ऑरगॅनिक मॅप्स. २०२१ पासून आहे. फुकट, जाहिरात नाही, खातं नाही, नाव विचारत नाही. जन्मतारीखही नाही! महाराष्ट्राचा नकाशा एकदा वायफायवर उतरवला की नेट लागत नाही. गूगल मॅप्समध्येही ऑफलाइन नकाशा ठेवता येतो, पण त्यावर नेटशिवाय गाडीचाच रस्ता मिळतो, चालत जायचा नाही. राजगडाच्या पायवाटेवर त्याचा काय उपयोग? ऑरगॅनिक मॅप्स खुल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, त्यात भटक्यांनी टाकलेल्या पायवाटा, टाकी, उंचीच्या रेषा दिसतात. दोष हा, की वाट कुणी टाकलीच नसेल तर नसते, आणि पावसाळ्यात खचलेली वाटही नकाशावर ठणठणीत असते. गावातल्या माणसाला विचारणं सोडू नये. जीपीएसला सिम लागत नाही, पण बॅटरी लागते. फोन विमान मोडवर टाकून लोकेशन चालू ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यातच तो निम्मा संपतो.

या सगळ्यांना परवानग्या देताना: सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, परवानग्या. लोकेशन 'फक्त वापरत असताना', आणि अँड्रॉइड १२ पासून 'अचूक लोकेशन' हे बटण वेगळं बंद करता येतं. हवामानाच्या ॲपला गाव कळलं तरी पुरतं, तुमचं बाल्कनीतलं टेबल कळायची गरज नाही. गोपनीयता डॅशबोर्डमध्ये गेल्या २४ तासांत कॅमेरा, माइक, लोकेशन कोणी वापरलं ते वेळेसकट दिसतं. टेबल चारांचा डॅशबोर्ड बघायची माझी फार इच्छा होती. त्या बर्फवाल्याला माइक कशाला लागतो, हे एकदा समोरासमोर विचारायचं होतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा. त्यातच एक उदाहरण दिलं आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपनं कॉन्टॅक्ट्सची यादी मागितली आणि माणसानं हो म्हटलं, तरी सल्ल्याला यादी लागत नसल्यामुळे तो होकार त्या यादीपुरता लागू नाही. मिसळीला काय वेगळं? पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत. तोपर्यंत माझ्या लग्नाचा वाढदिवस त्या मालकाकडे. त्या दिवशी सवलतीचा मेसेज येणार, आणि घरात तो माझ्याआधी नवऱ्याला दिसणार, कारण ओटीपीसाठी मी वैतागून त्यांचाच नंबर दिला.

ॲप फोनवरून काढलं म्हणजे खातं गेलं असं नाही, माहिती त्यांच्याकडेच राहते. प्ले स्टोअरच्या नियमाप्रमाणे ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्यात ते पुसायची सोय द्यावीच लागते, ॲपच्या आत आणि वेबवरही. या ॲपमध्ये ती प्रोफाइल, मदत, इतर, अधिक, अशी चार जिने खाली आहे. तिथे कारण विचारतात. पर्याय: 'दुसऱ्या शहरात गेलो', 'डाएट सुरू केलं', 'तात्पुरता ब्रेक', 'इतर'. 'इतर'ला किमान पन्नास अक्षरं लिहावी लागतात. मी भरपूर लिहिली. उत्तर आलं: विनंती नोंदवली आहे, तिची स्थिती पाहण्यासाठी कृपया ॲपमध्ये लॉगइन करा.