प्लाय सुटली की गम ओता?

पावसाळा लागला की कोरुगेटेड पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: 'प्लाय सुटते? गमचा थर जाड करा, गम घट्ट ठेवा, बोरॅक्स वाढवा, रोल जास्त तापवा.' मीही कधीकाळी हेच करायचो. (प्लाय म्हणजे पुठ्ठ्यातले एकावर एक चिकटवलेले कागदाचे थर; बोरॅक्स म्हणजे टाकणखार.)

थर जाड करायचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त माल यातच वाया जातो. स्टार्चच्या गममध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. उरलेल्यातला बराचसा स्टार्च कच्चाच असतो. फ्लूटच्या, म्हणजे मधल्या नागमोडी कागदाच्या, टोकावर 60 ते 65 अंशांना तो फुगतो, तेव्हा कुठे त्याची खळ होते आणि ती धरते. थर वाढवला म्हणजे पाणी वाढवलं. उष्णता होती तेवढीच. मग स्टार्च अर्धाकच्चा राहतो, शीट ओली निघते, लायनरवर, म्हणजे बाहेरच्या सपाट कागदावर, फ्लूटच्या रेघा उमटतात आणि वाळताना शीट वाकते ते वेगळंच.

शंका असेल तर शीट हाताने उकलून बघा. कागदाचे तंतू फाटून आले तर बाँड ठीक आहे. टोकांवर पांढरी भुकटी दिसली तर स्टार्च शिजलेलाच नाही. मग औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन लावा, गमच्या रेषा निळ्या-काळ्या होतील. रेषा एकाच बाजूला फिकट किंवा तुटक असेल तर दोष गमचा नाही, गम लावणाऱ्या रोलच्या गॅपचा आहे. तिथे पिंपभर गम ओतून काय होणार?

घट्ट गम कागदात मुरत नाही, वरच बसतो. आणि घट्टपणा बोटांनी चाचपून ठरवायचा नसतो. तळाला भोक असलेला कप आणि स्टॉपवॉच घ्या, गम निथळायला किती सेकंद लागतात ते रोज त्याच तापमानाला मोजा.

बोरॅक्सने चिकटपणा येतो, हे खरं. पण साधारणपणे तो स्टार्चच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पुरतो. मूठभर जास्त पडला की गम तार धरतो आणि वाळल्यावर कडक, ठिसूळ होतो. असा बॉक्स कारखान्यात ठणठणीत वाटतो, ट्रकमध्ये हादरे बसले की सुटतो. शिजण्याचं तापमान खाली आणतो तो कॉस्टिक सोडा. त्याचं मेसेजमध्ये नावही नाही.

रोल तापवायचा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. कागद गार असेल तर स्टार्च शिजत नाही. पण फार तापून कोरडा पडलेला कागद गममधलं पाणी आधीच पिऊन टाकतो, मग पाण्यावाचून स्टार्च कच्चाच राहतो. म्हणजे पांढरी भुकटी दिसली की उष्णता कमी पडली, असंही लगेच म्हणता येत नाही.

एका जुलैत आम्ही तीन वेळा गम बदलला. प्लाय सुटायची ती नेहमी एकाच काठाला. शेवटी कळलं की रीळ गळक्या पत्र्याखाली उभे होते आणि त्यांची तीच कड ओल धरत होती. प्री-हीटरची, म्हणजे कागद आधी तापवणाऱ्या रोलची, उष्णता ते पाणी वाळवण्यातच जायची. रीळ हलवले, वेग थोडा कमी केला आणि गम पहिलाच ठेवला.

शिवाय छोट्या युनिटमध्ये दोन जागी चिकटवणं होतं: सिंगल फेसरवर (इथे फ्लूट एका लायनरला चिकटतो) तापवून आणि पेस्टिंग मशीनवर (इथे पुढचा थर लागतो) आधीच शिजवलेल्या थंड गमने. थंड गमला उष्णता लागतच नाही, त्याला लागतो दाब आणि वाळायला वेळ. सुटलेली प्लाय यांतली कुठली, हे मेसेज विचारतच नाही.