मालकाच्या जागी बसून पाहा
नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे पाडून फ्लॅट होऊन राहिले अन् मालकांनाच वाडे नको झालेत असं एका लेखात लिहिलंय, पण राजेहो मालकाच्या जागी बसून पाहा ना एकदा. आमच्या वाड्याला अकरा हिस्सेदार, एक तर सहीलाही अमेरिकेतून येत नाही, खालचा भाडेकरू महिन्याला शंभराच्या आत भाडं देते, अन् दरवर्षी छपराचे कवेलू फेरायचा खर्च वेगळाच (फेरणारा माणूस तरी कुठं भेटते आता!). यूडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) हेरिटेज टीडीआर आहे, म्हणजे वाडा तसाच ठेवून न वापरलेला एफएसआय (त्या जागेवर जेवढं बांधता येते तो हक्क) दुसऱ्याला विकता येते, पण ते हेरिटेज यादीतल्यांसाठी. आमच्यासारख्या बिनयादीच्या सागवानी खांबांना कोण विचारते? महालातलाच चिटणवीस वाडा टिकला, चांगलंच आहे, पण तेवढं सगळ्यांना थोडी जमते.