कर्ट फ्लड यांचा नकार: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लड यांच्यावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूने फिलाडेल्फियाच्या संघात जायचे नाही म्हणून हट्ट धरला, त्यासाठी केलेला खटला हरला आणि चांगली कारकीर्द हातची घालवली. त्याला मी उगाच थोर ठरवले, असे आपले म्हणणे आहे.

एका मुद्द्यावर आपण बरोबर आहात. संघ निवडण्याची मोकळीक खेळाडूंना फ्लड यांच्या खटल्यामुळे मिळाली, हे माझे विधान चुकीचे होते. जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. ती मोकळीक डिसेंबर १९७५ मध्ये, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या प्रकरणात, लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने आली.

‘हट्ट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. त्या काळच्या करारातील ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे मुदत संपल्यावरही खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहत असे; म्हणूनच सेंट लुइस कार्डिनल्सकडून १२ हंगाम खेळलेल्या, उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लव्ह पुरस्कार सलग ७ वेळा मिळवलेल्या आणि १९६६ चा अख्खा हंगाम क्षेत्ररक्षणात एकही चूक न करता पार पाडलेल्या सेंटर फील्डरला (मैदानाच्या मागच्या भागात मध्यभागी उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला) ऑक्टोबर १९६९ मध्ये न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकता आले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे त्यांनी २४ डिसेंबरला बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना कळवले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या संघाचा कराराचा प्रस्ताव त्यांच्या हाती होता. खटला बहुधा हराल आणि खेळही संपेल, हे खेळाडू संघटनेच्या मार्विन मिलर यांनी त्यांना आधीच स्पष्ट सांगितले होते. इतरांना याचा उपयोग होईल का, एवढेच फ्लड यांनी विचारले. परिणाम ठाऊक असताना केलेल्या अशा निवडीला मी हट्ट म्हणणार नाही.

१९७० च्या सुनावणीत जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग हे निवृत्त खेळाडू त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला आले. खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. लेख लिहिताना मला सर्वांत अस्वस्थ केले ते याच गोष्टीने. १९७० चा पूर्ण हंगाम फ्लड मैदानाबाहेर राहिले, आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडून १३ सामने खेळून थांबले.

राहिला उपयोगाचा प्रश्न. लीगमध्ये १० वर्षे आणि त्यांपैकी शेवटची ५ एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारता येईल, हा नियम १९७३ मध्ये करारात आला. तो १९६९ साली असता, तर फ्लड यांना न्यायालयात जावेच लागले नसते. या नियमाचा उल्लेख मूळ लेखात राहून गेला होता. चुकीचे विधान काढून मी तो आता तिथे घातला आहे.